एसी लावला नाही तरी बॉनेटमधून 'खर्रर्र'. गॅरेजवाले म्हणतात कंप्रेसर गेला

कुंभार्ली

नमस्कार मंडळी. २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सेकंडहँड घेतलेली, ८६ हजार किलोमीटर झालेत. पंधरा दिवसांपासून बॉनेटमधून खरखर येते. आधी फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टला यायची, आता कायमची झाली. एसी मात्र गार करतो, म्हणजे चिपळूणच्या मे महिन्यात जेवढा करेल तेवढा.

गावातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेट उघडलं, एसी एकदा लावला, एकदा बंद केला आणि सांगितलं, "कंप्रेसर गेला. नवीन टाकू, गॅससकट साडेबावीस हजार." दोन मिनिटांत निकाल.

वडिलांची बायपास झाली आहे. दर महिन्याला त्यांना कराडला तपासणीला न्यावं लागतं. कुंभार्ली घाट, दुपारचं ऊन आणि एसी बंद, हे त्यांना झेपत नाही. पैसे घालायची तयारी आहे, पण एवढे घालून आवाज तसाच राहिला तर काय करायचं?

आवाज लिहून सांगायचा तर जात्यात खडा आल्यासारखा, सलग. शिवाय आत डॅशबोर्डमागून अधूनमधून फडफड ऐकू येते, ती वेगळी. कोणी वाट दाखवेल का?

ब्लोअर_तीनवर

गॅस कमी झाला असेल. माझ्याही गाडीला आवाज यायचा, गॅस भरला आणि गेला. दरवर्षी उन्हाळ्याआधी गॅस भरून घ्यायचा, त्रास होत नाही.

शीतयंत्र

कुंभार्ली, थांबा. कंप्रेसरला होकार देऊ नका. मी पुण्यात २२ वर्षं गाड्यांच्या एसीचंच काम करतो. 'कंप्रेसर गेला' म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्यांमध्ये कंप्रेसर धडधाकट निघाला आहे.

आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाच्या तालावर चालतो ते आधी बघायचं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, आणि तीन गोष्टी एकेक करून बदला. ॲक्सिलरेटर हळूच वाढवा. मग ब्लोअर एकवरून चारवर न्या. मग एसीचं बटण चालू-बंद करा. इंजिनच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो तो आवाज बेल्टवर फिरणाऱ्या कशाचा तरी. ब्लोअरबरोबर बदलतो तो डॅशबोर्डमागच्या पंख्याचा. फक्त बटणावर येतो-जातो तो क्लच, कंप्रेसर, कंडेन्सरचा (पुढच्या जाळीमागे गॅस थंड करणाऱ्या भागाचा) फॅन किंवा गॅसच्या वाटेतला.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. तुमच्या गाडीत क्लचवाला कंप्रेसर असणार. इंजिन चालू आहे तोवर बेल्ट कंप्रेसरची पुली फिरवतच असतो, एसी लावा नाहीतर लावू नका. पण ती पुली बेअरिंगवर मोकळी फिरते. बटण दाबलं की कॉइलला १२ व्होल्ट मिळतात, चुंबक तयार होतो, समोरची क्लच प्लेट 'टक' करून पुलीला चिकटते आणि तेव्हा कुठे कंप्रेसरचा शाफ्ट फिरू लागतो. म्हणजे एसी बंद असताना कंप्रेसरच्या पोटात काहीच हलत नाही. तुम्ही शीर्षकातच लिहिलंय की एसी नसतानाही खरखर येते. मग ती कंप्रेसरच्या आतली कशी असेल?

(काही नव्या गाड्यांत क्लच नसलेला कंप्रेसर असतो. त्याचा शाफ्ट सतत फिरतो आणि आतला व्हॉल्व्ह गॅसचं प्रमाण कमी-जास्त करतो. तिथे हा नियम लागू नाही.)

शीतयंत्र

ब्लोअर_तीनवर, तुमच्यावर राग नाही, पण हे लिहायलाच हवं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरतो. दरवर्षी भरावा लागतो म्हणजे दरवर्षी कुठून तरी गळतो. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर पडतं आणि कंप्रेसरला वंगण तेवढंच असतं. नुसता गॅस भरत राहिलं तर तीन-चार उन्हाळ्यांनी कंप्रेसर कोरडा पडून खरोखरच जातो. लीकेज शोधा. ओ-रिंग (जोडातली रबरी कडी), पाइपचे जोड, कंडेन्सरचा खालचा कोपरा आणि शेवटी डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल, या क्रमाने.

आणि बंद गाडीला गेज लावून "गॅस फुल आहे" असं कोणी म्हटलं तर मानू नका. आर-१३४ए चा, म्हणजे गाडीच्या एसीतल्या नेहमीच्या गॅसचा, दाब तेव्हा हवेच्या तापमानावर ठरतो. ३० अंशांना तो सुमारे ९७ पीएसआय दिसतो, मग आत द्रव गॅस भरपूर असो वा थोडासा उरलेला असो. खरं माप वजनाचं. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं, लहान गाडीत बहुधा ३०० ते ५०० ग्रॅम. जुना काढायचा, व्हॅक्यूम मारायचा आणि काट्यावर मोजून भरायचा.

ब्लोअर_तीनवर

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, काका. यंदा आधी लीकेज बघायला सांगतो.

कुंभार्ली

शीतयंत्र काका, आत्ता अंगणात उभं राहून करून बघितलं. बायको ॲक्सिलरेटरवर, मी बॉनेटपाशी.

एसी बंद: खरखर आहे. ॲक्सिलरेटर वाढवला की आवाज बारीक आणि उंच होत जातो. ब्लोअरने बाहेरच्या आवाजात काही फरक नाही. एसी लावला की 'टक' स्वच्छ येते आणि खरखर किंचित जड होते, पण जात नाही.

फडफड मात्र फक्त ब्लोअरवर. दोनवर येते, चारवर नुसती घरघर होते.

गोदाकाठ

फडफडीवरून आठवलं म्हणून लिहिते. आमच्या गाडीत ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल आहे. बॅटरी बदलल्यानंतर डॅशबोर्डच्या मधोमध टिक-टिक-टिक सुरू झालं. गाडी चालू केली की दहा-बारा वेळा, मग गप्प. तापमान १८ वरून २८ केलं की पुन्हा. मला वाटलं आत काहीतरी सैल झालंय आणि मी महिनाभर तिकडे दुर्लक्ष केलं.

ती होती गार-गरम हवेची झडप हलवणारी छोटी मोटर. तिच्यातल्या प्लास्टिकच्या गिअरचा एकच दात तुटला होता. मोटर फिरायची, तुटक्या दातापाशी घसरायची आणि पुन्हा प्रयत्न करायची. मेकॅनिकने तो गिअर माझ्या तळहातावर ठेवला, कुडत्याच्या मोठ्या बटणाएवढा. इंजिन बंद ठेवून नुसती इग्निशन ऑन केली तरी हा आवाज येत असेल तर बॉनेट उघडायची गरजच नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

शीतयंत्र

गोदाकाठताई, अगदी बरोबर निदान.

कुंभार्ली, तुम्ही केलेली तपासणी नीट आहे. आता संशयित एवढेच: कंप्रेसरच्या पुलीचं बेअरिंग, टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली), असल्यास आयडलर पुली (बेल्टला नुसती वाट देणारी), अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि वॉटर पंप. पाचही जण बेल्टच्या आसपास बसलेले, त्यामुळे नुसत्या कानाने फसगत होते.

लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्या. टोक त्या त्या वस्तूच्या न फिरणाऱ्या भागावर, बोल्टजवळ टेकवा आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा. जिथे खरखर हाडात उतरते ते बेअरिंग. पण बेल्टपासून चार बोटं लांब राहा. शर्टाची बाही दुमडलेली, गळ्यात उपरणं, ओढणी काही नको. रेडिएटरचा फॅन केव्हाही आपोआप सुरू होतो, तिकडे हात जाता कामा नये. खात्री वाटत नसेल तर हे काम मेकॅनिकला करू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा.

बेल्टचाच आवाज असेल तर तो 'चीं' असा असतो आणि एसी लावल्या क्षणी जास्त येतो, कारण तेव्हा एकदम भार पडतो. बेल्टच्या रिबवाल्या (खाचांच्या) बाजूवर थोडं पाणी शिंपडलं आणि 'चीं' वाढली तर बेल्ट घसरतोय, ताण कमी आहे. पाण्याने क्षणभर थांबून परत आली तर एखादी पुली रेषेत नाही. तुमचा आवाज या जातीचा वाटत नाही, तरी करून बघा.

संत्रानगरी

नागपूरहून. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की एक वेगळाच त्रास होतो, भाऊ. गाडी धावत असताना एसी मस्त. वर्धा रोडच्या सिग्नलला उभी राहिली की टक... टक... टक, दर आठ-दहा सेकंदांनी, आणि हवा गरम. दोन ठिकाणी गॅस कमी म्हणाले.

निघालं काय, तर कंडेन्सरचा फॅन जाम झाला होता. गाडी धावताना समोरची हवा कंडेन्सरला थंड करायची. सिग्नलला हवा नाही, फॅन नाही, दाब चढायचा आणि प्रेशर स्विच क्लच सोडून द्यायचा. दाब उतरला की पुन्हा पकडायचा. तीच टकटक. उलट गॅस कमी असला तरीही टकटक होते, तिथे कमी दाबामुळे स्विच सोडतो. आवाज सारखाच, कारण अगदी उलटं. उभी असताना होते की धावतानाही होते, एवढं पाहिलं असतं तर दोन वेळा गॅस भरायचे पैसे वाचले असते.

डोंबिवली_फास्ट

एक प्रश्न. वळणावर डॅशबोर्डमागे पाणी डुचमळल्यासारखं होतं. तेही एसीचंच का?

शीतयंत्र

हो, आणि आजच बघा. कूलिंग कॉइलवर जमणारं पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली पडतं. दमट हवेत अर्धा तास एसी चालवून गाडीखाली थेंब दिसत नसतील तर ती नळी तुंबली आहे. शेजारच्या सीटसमोरच्या मॅटखाली हात घाला, ओलं लागेल. नळी खालून साफ करता येते. तार जोरात खुपसू नका, कॉइलला भोक पडलं तर मोठं काम निघेल.

पाण्याचा खळखळाट मॅट कोरडी असताना आणि इंजिन रेस केल्यावर होत असेल तर मात्र हीटरच्या नळ्यांत हवा शिरली आहे, म्हणजे कूलंट कमी झालंय. इंजिन गार असताना बाटलीची पातळी बघा.

एसी बंद केल्यावर अर्धा-एक मिनिट बारीक 'सूं' येते, ती आजार नाही. दोन्ही बाजूंचा दाब समान होत असतो. तीच 'सूं' एसी चालू असताना सतत आणि हवाही कोमट, तर गॅस कमी आहे, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून (द्रव गॅस कूलिंग कॉइलमध्ये सोडणाऱ्या बारीक वाटेतून) द्रवाऐवजी बुडबुडे जातायत.

दर्यावर्दी

गॅसचा विषय निघालाय म्हणून पोटतिडकीने सांगतो. मी व्यापारी जहाजावर इंजिनीअर आहे. २०११ मध्ये रेफ्रिजरेटेड कंटेनरचे कंप्रेसर फुटून व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये माणसं गेली. आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड होतं. ते ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करतं आणि जे तयार होतं ते हवा लागताच पेट घेतं. गाडीचा कंप्रेसर आणि कंडेन्सरसुद्धा ॲल्युमिनियमचेच असतात. निम्म्या किमतीचा गॅस, सीलवर नाव नाही, असा सिलिंडर दिसला तर गाडी तिथून बाहेर काढा.

चार्जिंगला_लावली

इलेक्ट्रिक गाडीबद्दल कोणी सांगेल का? फास्ट चार्जिंगला लावून चहाला गेलो. परत आलो तर बंद गाडीतून घूंSS असा मोठा आवाज, आत कोणी नाही, एसी बंद.

शीतयंत्र

घाबरू नका. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीही त्याच एसीच्या गॅसने थंड होते. चार्जिंगला बॅटरी तापली की इलेक्ट्रिक कंप्रेसर आणि फॅन आपणहून चालू होतात. तिथे बेल्ट नाही, क्लच नाही, त्यामुळे 'टक' कधीच ऐकू येणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा: नारिंगी रंगाच्या केबलला हात लावायचा नाही. तेलही वेगळं लागतं. नेहमीचं पॅग तेल विजेला पुरेसा अडसर करत नाही, म्हणून अशा कंप्रेसरला त्याच्यासाठी ठरवलेलंच तेल घालायचं. साध्या एसीवाल्याकडून टॉपअप करून घेऊ नका.

कुंभार्ली

स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. अल्टरनेटर गुळगुळीत. टेन्शनरला थोडी शीळ. कंप्रेसरच्या पुढच्या तोंडाजवळ टेकवला आणि दात शिवशिवले, एवढी खरखर. कंप्रेसरच्या मागच्या अंगाला लावला तर जवळजवळ काही नाही.

एक गोष्ट आधी सांगायची राहिली. ज्यांच्याकडून गाडी घेतली ते बाजारपेठेत राहतात. २२ जुलै २०२१ च्या पुरात ही गाडी त्यांच्या दारात बोनेटपर्यंत पाण्यात उभी होती. इंजिन, वायरिंग सगळं नंतर करून घेतलंय, बिलं पाहिली आहेत. याचा काही संबंध असेल का?

शीतयंत्र

असू शकतो. बेअरिंगला दोन्ही बाजूंनी रबरी सील असतं, पण गाळाच्या पाण्यात दिवसरात्र बुडालं तर बारीक माती आत जाते. ग्रीस तिला धरून ठेवतं आणि दोन-तीन वर्षं ती आतल्या आत दळत राहते. पुरातल्या गाड्यांचं इंजिन सगळे उघडतात, या बेअरिंगकडे कोणाचं लक्ष जात नाही.

शेवटची परीक्षा अशी. इंजिन बंद, गार झालेलं. बेल्ट काढायला सांगा. कंप्रेसरची पुली हाताने फिरवा, मग तीच पुली पुढे-मागे हलवून बघा. किरकिर आणि खेळ, म्हणजे बेअरिंग गेलं. मग समोरची क्लच प्लेट हाताने फिरवा, म्हणजे थेट शाफ्ट फिरेल. ती सारख्या जोराने, कुठेही न अडखळता फिरली तर कंप्रेसर चांगला आहे. अडकत असेल, करकरत असेल तर गॅरेजवाले बरोबर आणि मी चूक. तसं निघालं तर नुसता कंप्रेसर बदलून भागणार नाही. आतला धातूचा चुरा कंडेन्सरमध्ये जाऊन बसतो. ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलावाच लागतो, कंडेन्सरही बहुतेक वेळा. तो जुना तसाच ठेवून नवा कंप्रेसर बसवला तर तोच चुरा नव्याला खातो.

फक्त बेअरिंग असेल तर गॅस काढावा लागत नाही. क्लच प्लेट, सर्क्लिप, पुली एवढंच पुढून उतरतं. पुली पुलरने काढायची, हातोडी मारायची नाही. बेअरिंगवर नंबर असतो. ३०×५२×२२, ३५×५०×२०, ३५×५५×२० ही मापं माझ्याकडे सारखी येतात, पण तुमचा जुना नंबर वाचूनच घ्या. नवं प्रेसने बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर द्यायचा. बसवल्यावर क्लच प्लेट आणि पुलीमधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायला लावा, साधारण ०.३ ते ०.६ मिमी, नक्की आकडा तुमच्या कंप्रेसरच्या मॅन्युअलमधला. फट कमी राहिली तर प्लेट घासते, जास्त झाली तर गरम इंजिनवर क्लच पकडत नाही.

कुंभार्ली

काम झालं. कराडच्या एका एसीवाल्यांकडे गेलो, मोबाइलवर हा धागा उघडून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय, बेल्ट काढू."

पुली फिरवल्यावर बोटांना वाळू लागल्यासारखं वाटलं. क्लच प्लेट मात्र लोण्यासारखी फिरली. बेअरिंग काढून सील उचकटलं तेव्हा आत ग्रीस नव्हतंच, तांबूस, कोरडा चिखल होता. बोटावर घासला तर चिपळूणच्या गाळासारखाच बारीक. पुराची माती एवढ्या वर्षांनी माझ्या बोटावर, बघून जरा गलबलून आलं. त्या पुरात आमच्या गल्लीतल्या लोकांचं काय काय गेलं ते आठवलं.

नवं बेअरिंग, नवा बेल्ट, मजुरी मिळून ३,१०० रुपये. फट मोजली, ०.४५ भरली.

फडफडीचंही कळलं. ग्लोव्ह बॉक्स उतरवून ब्लोअर काढला तर त्याच्या पिंजऱ्यात गुलमोहराची वाळलेली पानं आणि शेंगेची एक फाक. गाडी झाडाखाली उभी असते. ते म्हणाले, या गाडीत केबिन फिल्टर ब्लोअरच्या पुढे नसून नंतर आहे, त्यामुळे वायपरखालच्या जाळीतून आलेलं सगळं आधी ब्लोअरमध्येच पडतं. जाळीच्या आतून बारीक जाळी लावून दिली.

बाबा बरोबरच होते. परत येताना हेळवाक सोडल्यावर त्यांनी काच खाली केली, थोडा वेळ ऐकत बसले आणि काच वर केली.

टेन्शनरची शीळ अजून आहे, थंड इंजिनवर पाच मिनिटं. एसीवाले म्हणाले एवढ्यात नको. काय करू, काका?

शीतयंत्र

छान झालं. त्या कारागिरांना माझा नमस्कार सांगा.

टेन्शनर पावसाळ्याआधी बदलून घ्या. तोही त्याच पाण्यात होता. तो जाम झाला तर बेल्ट उतरतो, आणि बेल्ट उतरला की एसीबरोबर अल्टरनेटरही बंद. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर घाटात इंजिन तापेल. बदलताना अल्टरनेटरची पुलीही हाताने फिरवून बघायला सांगा, बेल्ट निघालेलाच असेल.